कव्हर, पाकीट, लिफाफा की लखोटा?

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या टपाल तिकिटांवरचा एक लेख मराठीत आणतेय. मी 'कव्हर', म्हणजे टपालातून गेलेल्या पत्राचं पत्ता असलेलं बाहेरचं अंग, हा शब्द तसाच ठेवला होता, संपादकांनी सगळीकडे 'पाकीट' केलं. पण लेखातली पहिलीच वस्तू आहे १८४३ सालची, फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला गेलेली. तिच्यात पाकीट नाहीच! एकच कागद, आतल्या बाजूला मजकूर, घड्या घालून लाखेने बंद केलेला, पाठीवरच पत्ता. तिकीट नाही, कोपऱ्यात पेनाने नुसतं '१२½'. संग्राहक यालाही कव्हरच म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

जुना_टपाली
संपादकांना कारण सांगा, ऐकतील. १८४५ पर्यंत अमेरिकेत हशील, म्हणजे टपालाचा आकार, ठरायचं अंतरावर आणि कागद किती त्यावर. पत्र पाकिटात घातलं की पाकीट हाच दुसरा कागद, म्हणजे साडेबाराचे थेट पंचवीस सेंट. कोण घालेल? १ जुलै १८४५ पासून वजन धरायला लागले: अर्ध्या औंसाला ३०० मैलांपर्यंत ५ सेंट, त्यापुढे १०. म्हणून तर १८४७ साली पहिली दोन तिकिटं निघाली ती ५ सेंटचा फ्रँकलिन आणि १० सेंटचा वॉशिंग्टन. माझं मत 'घडीपत्र'.

मोडीप्रेमी
घडीपत्र कशाला घडवता? आपल्याकडे 'लखोटा' आहे. जुन्या पत्रव्यवहारात कागद दुमडून, बंद करून पाठवत तोच लखोटा. लाख लावलेला म्हणून लखोटा.

आडवाट
लाखेशी संबंध मला पटत नाही, 'लिहिणे'कडून आला असावा. ते असो. लखोटा म्हटलं की आतला मजकूर गुप्त आणि महत्त्वाचा. फिलाडेल्फियाच्या कापडव्यापाऱ्याने गाठोड्यांचा हिशेब पाठवला तर त्याला लखोटा म्हणाल?

मोडीप्रेमी
म्हणेन. पेठेतले सावकारही हिशेबच पाठवत होते.

रुईचा_बोळा
सगळे 'लिफाफा'ला का टाळताय? मूळ अरबी धातू गुंडाळण्याचा. लिफाफा म्हणजे वेष्टन, म्हणजेच कव्हर. याहून नेमका शब्द मिळणार नाही.

शाईचा_डाग
व्युत्पत्ती पटली. पण आजचा वाचक लिफाफा वाचून डिंक लावलेलं तयार पाकीटच डोळ्यांसमोर आणतो, आणि माझी अडचण तीच आहे.

स्वभाषा
'टपाल-आवरण' म्हणा आणि मोकळे व्हा. नवं तिकीट निघतं त्या दिवसाच्या शिक्क्याच्या पाकिटाला टपाल खात्याचं 'प्रथम दिवस आवरण' रूढ आहेच.

जुना_टपाली
तो हिंदी शब्द आहे. मुंबईच्या जीपीओत फिलाटेली काउंटरच्या रांगेत मी वर्षानुवर्षं उभा राहतोय, 'आवरण द्या' असं म्हणणारा एकही मराठी माणूस भेटला नाही. 'फर्स्ट डे कव्हर'च म्हणतात. कव्हर मराठी झालंय. वहीला आपण कव्हरच घालतो ना?

स्वभाषा
वापरात आहे म्हणून स्वीकारायचं, तर मग भाषांतर करायचंच कशाला? तिकिटालाही 'मुद्रांक' हा चांगला शब्द होता, तो आपण घर घेताना भरायच्या शुल्कापुरता ठेवला.

माजघर
त्या '१२½'बद्दल कुणी बोललंच नाही. ते पैसे पाठवणाऱ्याने दिलेत की घेणाऱ्याने? 'पेड' असा शिक्का नसेल तर बहुतेक घेणाऱ्याने. अमेरिकेत आगाऊ हशील सक्तीचं झालं ते १८५५ साली. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: नॉटपेड! आमच्या आजीकडे मुंबईहून एका मामांची पत्रं नॉटपेडच यायची. पोस्टमन दारात उभा, आणि आजी आधी अक्षर निरखायची, मग चंचीतून पैसे काढायची.

स्वभाषा
नॉटपेड मराठी?

माजघर
शंभर टक्के. नुसतं 'नॉटपेड आलंय' म्हटलं की घरातल्या सगळ्यांना कळायचं. आणखी काय हवं?

आडवाट
त्या साडेबाराचीही गंमत आहे. तेव्हाचे दर बघा: साडेबारा सेंट, पावणेएकोणीस सेंट, पंचवीस सेंट. हे आपले दोन आणे, तीन आणे, चार आणेच की! डॉलरचा आठवा भाग म्हणजे एक स्पॅनिश रिआल, आणि ती चांदीची नाणी अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती. सेंटात अपूर्णांक आला तरी हातातलं नाणं पूर्ण होतं. ज्यांनी आणे वापरलेत त्यांना हे दर कोष्टकाशिवाय कळतील. लेखात 'साडेबारा' असं अक्षरी लिहा, दशांश चिन्ह नको.

शाईचा_डाग
हे नक्की घेते. पण कव्हर?

रुईचा_बोळा
लिफाफा.

मोडीप्रेमी
लखोटा. आणि पुढे खरी पाकिटं येतील तिथे पाकीट.

जुना_टपाली
मग एकाच संग्रहाला दोन नावं होतील. यादीत, लिलावात, प्रदर्शनात ही सगळी एकाच वर्गातली. लखोट्यावरचं ५ सेंटचं तिकीट आणि पाकिटावरचं ५ सेंटचं तिकीट वेगळे प्रकार आहेत असं वाचकाला वाटेल. दोन्ही पोटात घेणारा शब्द 'कव्हर'च.

शाईचा_डाग
अजून एक विचारते. ५ सेंटचं तिकीट हाताशी नसलं की काही वेळा १० सेंटचा वॉशिंग्टन कर्णावर कापून अर्धा लावत. त्याला मी 'अर्धं तिकीट' लिहिलंय.

माजघर
छे, अर्धं तिकीट एसटीत लहान मुलांचं!

आडवाट
'तुकडा' म्हणा.

जुना_टपाली
तुकडा म्हणजे फाटलेलं, किंमत गेलेलं. हे कात्रीने मुद्दाम कापलेलं, आणि पोस्टमास्तरने ५ सेंट म्हणून मान्य केलेलं. आणि ते कव्हरवर असेल तरच त्याला मोल. नाहीतर कापलेलं तिकीट कुणीही घरी बनवेल.

मोडीप्रेमी
लखोट्यावर असेल तर.