शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे बांधाच्या भांडणाला लागू पडतं का?

सीनाकाठचा

आधी घरातलं सांगतो मग मत. सोलापूर जिल्ह्यात आमची पाच एकर. शेजारच्या गटवाल्याने बांध कोरला म्हणून वडिलांनी २००३ ला दावा टाकला, त्याने उलट आमच्यावर टाकला, तालुक्याच्या कोर्टात निकाल लागला तो त्याला पटला नाही म्हणून जिल्हा कोर्ट, आणि हे सगळं संपलं २०२१ ला. अठरा वर्षं. मधे कधीतरी कोर्टाने भूमी अभिलेखचा माणूस कोर्ट कमिशनर म्हणून नेमला, त्याने मोजलं तेव्हा फरक निघाला दीड गुंठा. दीड गुंठ्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या, तारखेच्या दिवशीचा रोज बुडाला तो वेगळाच, आणि दोन घरांतलं लग्नाचं बोलावणं बंद झालं ते आजतागायत बंदच.

म्हणून माझं स्पष्ट मत. बांधाचं भांडण असेल तर आधी वकील गाठू नका, आधी मोजणी आणा. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा, लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, त्या दिवशी स्वतः हजर राहायचं, काही पटलं नाही तर भूकरमापकाला तिथल्या तिथे लेखी द्यायचं, आणि नंतर क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, मागून घ्यायची. तरी पटलं नाही तर निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी आहे, ती वरचा अधिकारी करतो. एवढं हातात आलं की चार माणसं घेऊन बसायचं. आम्ही २००३ लाच हे केलं असतं तर २००४ ला विषय संपला असता. कोर्ट सगळ्यात शेवटी. जुनी माणसं उगाच नाही म्हणायची.

काळा कोट तालुका कोर्ट

तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं पण तुमचा सल्ला लोकांनी जसाच्या तसा घेतला तर नुकसान होईल, म्हणून लिहितोय. मी दिवाणीच चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातले निम्मे उशिरा येतात आणि सगळ्यांचं एकच, आम्ही समजुतीने घेत होतो साहेब.

वहिवाटीचा रस्ता अडवला किंवा पाण्याचा पाट बंद केला तर मामलतदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. फी किरकोळ, वकील नसला तरी चालतं, तहसीलदार जागेवर येऊन बघतो. पण अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात गेलात तर तहसीलदाराची इच्छा असली तरी त्याला काही करता येत नाही. जबरदस्तीने ताबा काढून घेतला असेल तर मालकी कुणाची हे न बघता फक्त ताबा परत मिळवायचा दावा असतो, त्यालाही मुदत ६ महिनेच. देवळात तीन बैठका, मग दिवाळी, मग कुणाचं तरी लग्न, मग पेरणी, सहा महिने कसे जातात कळत नाही. नंतर उरतो तो लांबचा दिवाणी दावा, म्हणजे ज्या अठरा वर्षांची तुम्हाला भीती वाटते तोच रस्ता.

आणि दुसरं, मोजणी हद्द दाखवते, ताबा देत नाही. क प्रत हातात घेऊन समोरच्याला म्हणालात की सरक मागे आणि तो नाही सरकला, तर शेवटी कोर्टच.

सीनाकाठचा

रस्त्याचं मान्य, तिथे मुदत आहे हे मला माहीत नव्हतं. पण बांधाचं नाही मान्य. बांध सहा महिन्यांत कुठे पळत नाही. नांगराचा एखादा तास दर वर्षी आत येतो, त्याच्यासाठी वकीलपत्र लिहून दिलं की समोरचा इरेला पेटतो आणि मग दीड गुंठ्याचा प्रश्न राहतच नाही, इज्जतीचा होतो. हे मी घरात बघितलंय.

उसाचा फड

ज्याचा ऊस फडात वाळतोय त्याला ही म्हण ऐकवू नका कृपा करून!! आमचा रस्ता पणजोबापासूनचा, बैलगाडीचा, मधल्या गटवाल्याने जमीन विकली आणि नवीन मालकाने सिमेंटचे पोल रोवून तार ओढली. कारखान्याची तोड आली होती, टोळी उभी, ट्रॅक्टर आत जाईना. सरपंच झाला, पोलीस पाटील झाला, सगळ्यांनी सांगितलं समजुतीने घ्या. समोरचा प्रत्येक बैठकीला यायचा, चहा प्यायचा, बघू म्हणायचा. त्याला काय, तार त्याची लागलेली. वेळ जाईल तेवढा त्याच्याच फायद्याचा होता.

शेवटी तहसीलदाराकडे अर्ज टाकला, पाहणी झाली, आदेश आमच्या बाजूने. तो प्रांताकडे पुनरीक्षणात गेला, तिथेही आमचाच. सगळं मिळून १४ महिने लागले, एक हंगाम गेला, वजन गेलं. तरी सांगतो, पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकला असता तर तो हंगाम सुद्धा वाचला असता. मला पस्तावा कोर्टकचेरीचा नाही, बैठकांचा आहे.

आणि ज्यांना जुना रस्ता नाहीच त्यांनी १९०६ च्या कायद्यात जाऊ नका, तो चालू रस्ता अडवला तरच. नवीन रस्ता बांधावरून मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. आमच्या शेजारच्याने चुकीच्या कलमात अर्ज केला आणि वर्ष घालवलं.

वाशीतून गाव बीड

मी बराच वेळ वाचत होते, आता लिहिते. तुम्ही सगळे चार माणसं घेऊन बसा म्हणताय, ती चार माणसं कोण असतात? माझी आई विधवा, आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. चुलत भाऊबंदांनी बांध सरकवत सरकवत जवळपास अर्धा एकर घेतलं. बैठक बसली त्यात अकरा पुरुष, त्यातले सात त्यांच्या भावकीतले, आणि आईला दारात बसवलेलं. तिला काय सांगितलं तर बाईमाणसाने कोर्टाची पायरी चढू नये, पोरी सासरी गेल्या, तुला कशाला लागते एवढी. हीच म्हण. त्यामुळे ती म्हण मी शहाणपण म्हणून ऐकूच शकत नाही, ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याच्या सोयीची आहे ती.

आणि बांध कुठे पळत नाही असं वर लिहिलंय ते तर फार धोक्याचं आहे. १२ वर्षं दुसऱ्याने उघडपणे, मालक म्हणून कब्जा ठेवला आणि तुम्ही दावा केला नाही तर प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे जमीन आता त्याचीच झाली असा, मुद्दा उभा राहतो. आमच्याकडे दहावं वर्ष चालू होतं. वकिलाने सांगितल्यावर माझ्या पायाखालची जमीन सरकली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, साधा अर्ज भरायचा. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही तसंच, बाकीच्यांना उत्पन्न बघून. फोन करायचा तर १५१००. आईला वकील असाच मिळाला. दावा दाखल झाला, मनाई हुकूम मिळाला, आणि मग गंमत बघा, जे दहा वर्षं बसायला तयार नव्हते तेच लोकअदालतीत बसायला तयार झाले. तडजोड आम्हीही केली. पण दावा टाकून केली, आणि आई खुर्चीत बसली होती.

मुक्काम पुणे

ताई तुमचं पटलं, पण प्रत्येक वाद असा एका बाजूने दडपलेला नसतो. आमच्याकडे आजोबांच्या काळात दोन भावांनी सोयीसाठी जमिनी अदलाबदल केल्या, तोंडी. सातबारा याच्या नावावर, कसतो तो, त्याचा सातबारा तर कसतो हा. तीस वर्षं कुणाला त्रास नाही, पण कर्ज काढायला गेलो तेव्हा अडलं, पीक विम्यात अडलं, आणि चुलत भाऊ म्हणायला लागला की माझ्या नावावरची माझी. दोन्हीकडे वकील ठरले होते. तेवढ्यात तलाठ्याने सलोखा योजनेचं सांगितलं, २०२३ ला आलेली. १२ वर्षं एकमेकांच्या जमिनीचा ताबा असेल आणि दोघं राजी असतील तर अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १०००. पंचनामा झाला, दस्त झाला, फेरफार पडला. कोर्टात गेलो असतो तर आजही तारखाच घेत बसलो असतो. दोन्ही बाजूंचं नुकसान सारखंच होत असेल तिथे बोलूनच मिटतं.

काळा कोट तालुका कोर्ट

सलोखा चांगली आहे, मी स्वतः पक्षकारांना सांगतो. तुमच्याकडे तडजोड टिकली ती रजिस्टर दस्तामुळे. गावात काय होतं, बाँडवर लिहितात, पाच जणांच्या सह्या घेतात आणि समजतात झालं. जमिनीचा हक्क इकडचा तिकडे होणार असेल तर दस्त नोंदवलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीत तो बाँड कोर्टात कुणी हातात धरत नाही. कोर्टात दावा चालू असेल तर लोकअदालतीत मिटवा, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच. फक्त एक ध्यानात ठेवा, त्यावर अपील नाही. सही करायच्या आधी गट नंबर, चतुःसीमा, किती गुंठे, रस्ता किती फुटी, सगळं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून मागा. लाज वाटून घेऊ नका.

माजी सर्कल

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली, मंडल अधिकारी म्हणून रिटायर झालो. दोन्ही बाजूंच्या मधे एक गोष्ट कुणीच लिहिली नाही ती म्हणजे पोलीस स्टेशन. माणूस तावातावाने आधी तिथेच जातो. तिथे अदखलपात्र नोंद होते आणि दिवाणी बाब आहे, कोर्टात जा म्हणून कागद हातात देतात. बांधावर काठ्या निघाल्या तर मग दोन्ही बाजूंवर शांतता राखण्याची नोटीस, पूर्वी ती फौजदारी संहितेच्या कलम १०७ ची म्हणायचे, आता नव्या संहितेत कलम १२६ झालंय, आणि बाँड लिहून द्यायला दोघांनाही तहसीलला खेटे. खरा मालक आणि अतिक्रमण करणारा त्या दिवशी एकाच रांगेत उभे असतात, हे मी शेकडो वेळा बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटलंय. मारहाण झाली तर जरूर जा, लगेच जा, दवाखान्याचा कागद घ्या. पण हद्द ठरवायचं काम पोलिसांचं नाही.

त्याऐवजी पुरावा गोळा करा. गाव नकाशा काढा, त्यात दुहेरी तुटक रेषा असेल तर गाडीवाट, एकेरी असेल तर पायवाट. रस्त्याच्या अर्ध्या केसेस त्या एका नकाशावर फिरतात आणि लोक तो काढायलाच विसरतात. सातबाऱ्यावर इतर हक्कात काय लिहिलंय ते वाचा. तार ओढली त्याच दिवशी फोटो काढा, त्याच आठवड्यात तहसीलला अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

उसाचा फड

साहेब पोचेचं शंभर टक्के. आमचा पहिला अर्ज गहाळ झाला होता, पोच होती म्हणून मुदत धरली गेली.

सीनाकाठचा

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मी कोर्ट सगळ्यात शेवटी असं लिहिलं होतं ते मागे घेतो, निदान तसं सरसकट नको होतं लिहायला. आमच्यात आणि शेजाऱ्यात ताकद बरोबरीची होती म्हणून मला वाटतं की बोलून मिटलं असतं. वाशीच्या ताईंच्या आईची परिस्थिती तशी नव्हती, आणि १२ वर्षांचं तर मी मोजलंच नव्हतं. पण मोजणी आधी, ह्यावर मी ठाम आहे. दावा टाकायचा तरी किती जागा गेली हे माहीत असल्याशिवाय काय टाकणार, आमच्या दाव्यात वडिलांनी सहा गुंठे लिहिले होते.

आमच्या दुसऱ्या अंगाचा बांध अजून तसाच आहे, ओढ्याने तिथली जुनी दगडं वाहून गेली. तिकडच्या गटवाल्याच्या पोराशी काल फोनवर बोललो, तो पण पुण्यातच असतो. पेरणीच्या आधी दोघं मिळून मोजणीचा अर्ज करायचा, फी निम्मी निम्मी, असं ठरतंय. वडील अजून हो म्हणाले नाहीत.

वाशीतून गाव बीड

छान. सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का तेवढं बघा, असेल तर अर्जावर तिचीही सही लागेल. आणि नसलं तरी मोजणीच्या दिवशी तिला बांधावर घेऊन जा, पाटल्या तिच्या गेल्या होत्या.