गांजाच्या केसमध्ये ड्रायव्हरला अन् मालवाल्याला सारखीच सजा, अपील करावं का?

तापीकाठचा पोऱ्या:
मंडळी, माझा मामेभाऊ पिकअपवर ड्रायव्हर. चोपड्याकडून केळीचे रिकामे क्रेट घेऊन येत होता, क्रेटखाली दोन गोण्या निघाल्या, १४ किलो गांजा, मालवाला शेजारीच बसलेला. आता सेशन कोर्टाने दोघांनाही ७-७ वर्षं दिली. अरे माल त्याचा, गिऱ्हाईक त्याचं, याला नुसतं भाडं भेटणार होतं, मग सारखंच कसं? मामा म्हणून राहिले अपील केलं तर वरचं कोर्ट अजून वाढवेल, गप्प बसा. खरंय का?

वकिलीची हमाली:
नाही भो. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात सजा वाढत नाही, वाढवायची तर सरकारने वेगळं अपील करायला पाहिजे नाहीतर हायकोर्टाने नोटीस देऊन ऐकायला पाहिजे. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं अपील हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात, मुदत ६० दिवस, निकालाच्या नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा होतात.
आता मेन गोष्ट. गांजा १ किलोच्या वर पण २० च्या आत असला की १० वर्षांपर्यंत सजा अन् १ लाखापर्यंत दंड, पण कमीत कमी किती असं काहीच नाही. म्हणजे जजला मोकळीक होती, मग कोणाचा रोल किती हे बघायलाच पाहिजे होतं. २० च्या वर माल असता तर कमीत कमी १० वर्षं फिक्स, तिथे हे रडगाणं कोणी ऐकत नाही. निकालाची शेवटची पानं वाचा, सजेवर आपल्या वकिलाने काय सांगितलं? बऱ्याचदा "घरचा एकटा कमावता, दया करावी" एवढंच असतं.

सातपुडा एक्सप्रेस:
मला माहीतच नव्हतं असं प्रत्येक ड्रायव्हर म्हणतो. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कलम ३५ मध्ये कोर्ट आधीच माहीत होतं असं धरून चालतं, खोडायचं आपण. अन् २९ मध्ये कटवाल्याला पण तीच सजा.

वकिलीची हमाली:
३५ चा झगडा दोषी की नाही याचा, सजा किती हा वेगळा विषय. अन् २९ मध्ये "तीच सजा" म्हणजे कलम तेच लागतं, वर्षं मोजून सारखी द्या असं कुठे लिहिलंय? मालवाल्यावर आधीची केस आहे का तेवढं काढा, असली अन् तरी दोघं सारखेच तर मुद्दा जोरात बसतो. पण उलटं पण ऐका, हायकोर्टाला वाटलं ड्रायव्हरला ७ बरोबरच अन् मालवाला स्वस्तात सुटला, तर याचे कमी होत नाहीत.
पंचनामा पण बघा. कायद्यात गांजा म्हणजे फुला-फळांचे शेंडे, शेंडे नसले तर नुसता पाला-बिया धरत नाहीत.

केळीवाली ताई:
दादा, पैशासाठी थांबू नका. जेलमध्ये असलेल्याला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील भेटतो, अपीलही जेलमधूनच पाठवता येतं. आधी आत काढलेले दिवस सजेतून वजा होतात, ते निकालात बरोबर लिहिलेत का बघा.

तापीकाठचा पोऱ्या:
पंचनाम्यात "पाला, बोंडं, काड्यांसह" लिहिलंय, सगळं एकत्रच मोजलंय. मालवाल्यावर शिरपूरकडे जुनी केस आहे असं ऐकलंय, उद्या बघतो. अपील चालू असताना जामीन होतो का?

वकिलीची हमाली:
सजा थांबवायचा अर्ज अपिलासोबतच टाका. एनडीपीएसमध्ये कोर्टाला सजा थांबवता येते हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय, अन् २० च्या आतला माल म्हणजे कलम ३७ ची जामिनाची कडक अट पण आडवी येत नाही. पिकअप कोणाच्या नावावर आहे?