शब्दचर्चा : अर्कचित्र, साचा आणि युद्धकाळातली कार्टून्स

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या प्रचारी कार्टून्सबद्दल मराठीत लिहिताना 'स्टिरिओटाइप'ला काय म्हणावं? पूर्वग्रह, साचेबद्ध प्रतिमा, ठोकळेबाज चित्रण असे शब्द वाचनात येतात. शिवाय या चित्रांना 'अर्कचित्र' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण खरी गोम तिथेच आहे. 'अर्कचित्र' म्हणू नये असं माझं ठाम मत आहे.

अर्क काढायचा तर आधी समोर कुणीतरी माणूस हवा. लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकातलं व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचं २० सप्टेंबर १९३९ चं चित्र घ्या. पोलंडच्या मृतदेहावरून हिटलर आणि स्टालिन एकमेकांना वाकून अभिवादन करतायत आणि तोंडाने शिव्या देतायत. त्यातला हिटलर हिटलरच आहे. त्याची बट, त्याच्या मिशा, त्याचा आव, सगळं त्या एका माणसातून उचललेलं आहे. हे अर्कचित्र. आता वॉर्नर ब्रदर्सचं १९४४ चं, बग्ज बनी या सशाचं कार्टून 'बग्ज बनी निप्स द निप्स' पाहा ('निप' ही जपानी लोकांसाठीची शिवी). पॅसिफिकमधल्या बेटावर सशाला भेटणारे जपानी सैनिक सगळे एकाच छापाचे गणपती : पुढे आलेले दात, जाड चष्मा, तिरप्या रेघांचे डोळे आणि तोंडात अर्थहीन बडबड. हा अर्क कुणाचा? कुणाचाच नाही. चित्रकाराने कुणाकडे पाहिलेलंच नाही. साचा आधीपासून तयार होता, त्यातून एकामागून एक सैनिक काढले.

म्हणून 'साचा' हा शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो. मूळ इंग्रजी शब्दही छापखान्यातलाच आहे. जुळवलेल्या खिळ्यांवरून साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून एकसंध प्लेट करायची आणि तीच पुन्हा पुन्हा छापायची, म्हणजे दरवेळी खिळे जुळवत बसायला नको. माणसांबद्दलच्या ठरीव कल्पनांसाठी हा शब्द रुळला तो अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये त्या अर्थाने वापरल्यानंतर. 'साचेबद्ध प्रतिमा' हा पर्याय त्यामुळे मुळालाही धरून आहे. 'ठोकळेबाज' मी टाळेन, कारण त्यात कलेबद्दलची तक्रार जास्त ऐकू येते. ठोकळेबाज कथा कंटाळवाणी असते. ही कार्टून्स कंटाळवाणी नव्हती. ती उत्तम बनवलेली होती, लोक पोट धरून हसत होते, आणि दुखणं नेमकं तेच आहे.

'पूर्वग्रह' आणि 'साचा' यांची मात्र गल्लत करू नये. पूर्वग्रह मनात असतो, साचा कागदावर असतो. सात मिनिटांच्या कार्टूनमध्ये शत्रू चटकन ओळखू यावा म्हणून फारसा आकस नसलेला चित्रकारही साचा उचलतो आणि पाहणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह रुजवून मोकळा होतो.

थिओडोर गाइझेल यांचं उदाहरण यासाठीच मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉ. स्यूस या नावाने मुलांसाठी लिहिणारे तेच. १९४१ ते १९४३ या काळात त्यांनी न्यू यॉर्कच्या 'पीएम' या दैनिकात चारशेवर राजकीय व्यंगचित्रं काढली. काळ्या कामगारांना डावलणाऱ्यांवर, ज्यूद्वेषावर त्यांनी त्यांत सडकून टीका केली. त्याच हाताने १३ फेब्रुवारी १९४२ चं चित्र काढलं : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जपानी वंशाच्या माणसांची न संपणारी रांग, सगळे चेहरे एकसारखे, प्रत्येकजण स्फोटकांचा पुडा घेतोय आणि मायदेशातून येणाऱ्या इशाऱ्याची वाट पाहतोय. पुढच्या सहाच दिवसांत, १९ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली. त्या आदेशामुळे जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं घरंदारं सोडून छावण्यांत गेली, त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. चित्रामुळे आदेश निघाला असं मी म्हणत नाही. ज्या हवेत तो आदेश बिनबोभाट खपला, ती हवा असल्या चित्रांनी भरलेली होती. किनाऱ्यावरच्या त्या माणसांकडून हेरगिरीचा किंवा घातपाताचा एकही नोंदलेला प्रकार घडला नव्हता, असं अमेरिकेच्याच चौकशी आयोगाने १९८३ मध्ये सांगितलं.

इथे 'अपप्रचार' शब्दाकडेही वळायला हवं. मराठीत 'प्रचार' तसा निरुपद्रवी आहे. निवडणुकीचा प्रचार असतो, धर्माचा असतो. 'प्रचारकी' म्हटलं की नाक मुरडलं जातं, आणि 'अपप्रचार' म्हणजे सरळ खोटं पसरवणं. गाइझेल यांचं रांगेचं चित्र अपप्रचार ठरतं. पण डिस्नेचं 'डेर फ्यूरर्स फेस' (१९४३)? डोनाल्ड डक नाझी कारखान्यात तोफगोळ्यांवर काम करता करता वेडा होतो, शेवटी स्वप्नातून जागा होतो. ऑस्कर मिळालेलं हे कार्टून हुकूमशाहीबद्दल खोटं बोलत नाही. पण त्यातल्या वाजंत्र्यांत जपानी येतो तो त्याच साच्यातून काढलेला. त्यामुळे सगळ्यांना मिळून 'युद्धप्रचार' म्हणावं, आणि 'अपप्रचार' जिथे खोटं दाखवता येईल तिथे राखून ठेवावा.

प्रतिप्रश्न : पण शत्रू सगळेच वाईट दाखवले जात. जर्मनांनाही सोडलं नव्हतं. मग आजच्या प्रेक्षकाला जपानी चित्रणच जास्त का खटकतं? ती कार्टून्स त्या काळाचं अपत्य होती असं म्हणून सोडून देता येणार नाही का?

उत्तर : जर्मनांची टवाळी झाली, पण ती बहुतेक वेळा हिटलर, गोअरिंग, गोबेल्स या नाझी पुढाऱ्यांच्या नावाने झाली. डिस्नेच्याच 'एज्युकेशन फॉर डेथ'मध्ये (१९४३) हान्स नावाचा एक मुलगा आहे. ससा-कोल्ह्याच्या गोष्टीत त्याला सशाची दया येते आणि त्याबद्दल शिक्षा होते. हळूहळू त्याच्यातलं माणूसपण पुसलं जातं आणि शेवटी उरतात थडगी. शत्रूच्या मुलासाठी डोळ्यांत पाणी आणणारं हे युद्धप्रचाराचं कार्टून आहे. मी पाहिलेल्या अमेरिकन कार्टूनांत असा जपानी हान्स मला कुठेच भेटला नाही. एका बाजूला पक्ष आणि पुढारी वाईट, दुसऱ्या बाजूला सगळी जात वाईट. आजच्या डोळ्यांना खटकतो तो हा भेद.

'काळाचं अपत्य' ही शब्दयोजना मला म्हणूनच पटत नाही. त्याच काळात, त्याच देशात वेगळं पाहता येत होतं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, २२ डिसेंबर १९४१ च्या अंकात, 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाने चिनी आणि जपानी चेहरे वेगळे कसे ओळखावेत याचा सचित्र पाठ दिला होता. चीन दोस्त राष्ट्र होतं, म्हणून त्यांच्या चेहऱ्यात सौम्यपणा सापडला. म्हणजे पाहणाऱ्याला माणसं वेगवेगळी आहेत हे कळत होतं. कुणाकडे नीट पाहायचं आणि कुणाकडे नाही, ही निवड होती.

साचे दुसऱ्या बाजूलाही होते. जपानी दिग्दर्शक मित्सुयो सेओ यांच्या 'मोमोतारो' या कार्टून चित्रपटांत (१९४३ आणि १९४५) शत्रू राक्षस आहेत, इंग्रज सैनिकाच्या डोक्यावर शिंग आहे. जपानी नौदलाने करवून घेतलेल्या १९४५ च्या चित्रपटात मला जास्त अस्वस्थ करतो तो मित्राचा साचा. दक्षिणेकडच्या बेटांवरचे रहिवासी तिथे भाबडे प्राणी आहेत, आणि जपानी सैनिक त्यांना गाण्यातून मुळाक्षरं शिकवतात. गोड, सुरेल दृश्य आहे. त्याच काळात ती बेटं जपानच्या ताब्यात होती. साचा नेहमी विद्रूपच असतो असं नाही, हे 'विद्रूपीकरण' असा प्रतिशब्द सुचवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

आता भाषेबद्दल, आपल्या. मराठीत 'इंग्रज मोठा धूर्त', 'जपानी चिवट' अशी एकवचनी वाक्यं आपण सहज लिहितो. एक माणूस उभा करून अख्खी जमात सांगायची, हे व्याकरणातलं तेच चित्र. या विषयावर लिहिताना निदान आपल्या वाक्यांत अनेकवचन आणि नेमका कर्ता ठेवावा : 'जपानी सैन्याने', 'तोजो सरकारने' (तोजो हे जपानचे युद्धकाळातले पंतप्रधान).

आणखी दोन शब्द सांभाळून वापरायला हवेत. एक, 'बंदी'. 'निप्स द निप्स'वर बंदी आली असं सर्रास लिहिलं जातं. सरकारने बंदी घातलेली नाही. १९९० च्या दशकात जपानी-अमेरिकन लोकांनी निषेध केल्यावर ते घरी पाहायच्या व्हिडिओंच्या वितरणातून काढलं गेलं. 'मागे घेतलं' हे बरोबर. वॉर्नर ब्रदर्सने पुढे जुन्या कार्टूनांच्या संचांवर सूचना छापली, की ही चित्रणं तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण लपवली तर असे पूर्वग्रह नव्हतेच असं म्हटल्यासारखं होईल. मला ही भूमिका मान्य आहे. दुसरा शब्द 'भावना दुखावल्या'. बातमीदारीतला हा तयार तुकडा इथे फार तोकडा पडतो. ज्यांची घरं, शेतं, दुकानं गेली आणि ज्यांना १९८८ च्या कायद्याने माफी आणि प्रत्येक हयात माणसामागे २०,००० डॉलर मिळाले, त्यांच्या बाबतीत 'अन्याय' हाच शब्द लिहावा.

पुरवणी प्रश्न : शीर्षकांतल्या 'जॅप', 'निप' या शिव्यांचं भाषांतर कसं करावं?

उत्तर : 'जपानी' केलं तर शिवी धुऊन निघते आणि वाचकाला मूळ चित्रापेक्षा सभ्य काहीतरी मिळतं. 'जपान्या' केलं तर तुच्छता थोडी येते, पण ती लाडाचीही वाटू शकते. मी मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवतो आणि पहिल्या उल्लेखाला 'जपानी लोकांसाठीची शिवी' असं स्पष्ट लिहितो.