शब्दचर्चा : ‘फिरता चषक’ की ‘फिरता प्याला’?

प्रश्न : इंग्रजांच्या समारंभी मेजवानीत दोन कानांचा एक मोठा पेला पंगतभर फिरतो आणि प्रत्येक जण त्यातून घोटभर पितो. भाषांतरात मी त्याला ‘फिरता चषक’ म्हटले. इंदूरच्या आमच्या वाचकमंडळात त्यावर आक्षेप आला. कोणता शब्द वापरावा?

उत्तर : ताई, आक्षेप मला पटतो. संस्कृतात ‘चषक’ हे मद्य पिण्याचे पात्र असले, तरी आजच्या मराठीत तो मैदानावर जिंकायचा असतो, आणि ‘फिरता चषक’ म्हटले की वर्षभर मिरवून पुढच्या विजेत्यासाठी घासूनपुसून परत करायचे बक्षीसच डोळ्यांसमोर येते. गंमत अशी, की बक्षिसाच्या चषकाला असणारे दोन मोठे कान हे शेजाऱ्याच्या हाती नीट देता यावे म्हणून घडवलेल्या त्या जुन्या पेल्याचेच आहेत. (होळकर संघाने 4 वेळा जिंकलेला रणजी ‘करंडक’ मात्र वेगळा, करंडक म्हणजे मुळात डबी, तिचा पिण्याशी संबंध नाही.)

लंडनच्या जुन्या व्यावसायिक संघांच्या मेजवान्यांत एक जण पीत असताना शेजारचा त्याच्याकडे पाठ करून राखणीला उभा राहतो. 978 मध्ये एडवर्ड राजाला पेय घेताना भोसकले, त्याची ही आठवण असे सांगतात. पिऊन झाले की काठ रुमालाने पुसून पेला पुढे सरकतो. आणि आपण नेमके तिथेच अडतो, कारण पुसला तरी पेला उष्टाच. माझ्या आजीच्या घरी पाण्याचा तांब्या सगळ्यांना एकच असे, पण तो ओठांना लावायचा नाही. मान मागे टाकून वरून धार धरायची आणि नेम चुकला की पाणी थेट सदऱ्यात. देवघरातही पंचपात्र एकच, तीर्थ मात्र पळीने ज्याच्या त्याच्या तळहातावर. वैदिक काळच्या सोमयागात मात्र ऋत्विज, म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित, चमसातला (लाकडी पात्रातला) सोमरस वाटून पीत, आणि सोमाने उष्टे होत नाही, असा स्पष्ट अपवाद बौधायन धर्मसूत्राने करून ठेवला आहे.

त्या काळचा एक नेमका शब्द आपण दर श्रावणात ऐकतो. रुद्राभिषेकात ‘चमक’ हा वेदमंत्रांचा पाठ म्हणताना त्याच्या चौथ्या अनुवाकात (भागात) ‘सग्धिश्च मे सपीतिश्च मे’ येते. अमरकोशाप्रमाणे सग्धि म्हणजे सहभोजन आणि सपीति म्हणजे तुल्यपान, सोबत पिणे. शब्द मला फार आवडतो, पण भाषांतरात घातलात तर खाली टीप द्यावी लागेल. मी ‘फिरता प्याला’ लिहीन. ‘प्याला’ फारसीतून आलेला असला तरी विधीचे वजन त्याला सहज पेलते; मराठी बायबलात प्रभुभोजनाचे पात्र ‘प्याला’च आहे.

बडोद्याहून पुरवणी : आमच्याकडे काठियावाडी दरबारांच्या, म्हणजे जमीनदार-सरदारांच्या, डायऱ्यात (बैठकीत) कसुंबो देत. पाण्यात घोटून गाळलेली अफू यजमान आपल्या ओंजळीत घेई आणि पाहुणा त्याच ओंजळीतून पिई. जुने वैर मिटवतानाही हीच रीत होती. इथे पेलाच नाही. मग हा प्रकार आपल्या चर्चेत बसतो का?

उत्तर : बसतो, काका, आणि आमच्या माळव्यालाही तो परका नाही; इंदूर तर एके काळी अफूच्या व्यापाराची मोठी पेठ होती. राजपुतांकडेही ही मनुहार, म्हणजे आग्रहाचा पाहुणचार, चाले आणि ती नाकारणे हा यजमानाचा अपमान समजत. मराठीत मात्र ‘दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे’ म्हणजे स्वतःची अक्कल गहाण टाकणे. तेव्हा ताई, भाषांतरात असा प्रसंग आला, तर ‘यजमानाच्या ओंजळीतून कसुंबा घेतला’ असे लिहा. ‘ओंजळीने’ लिहिलेत, तर मराठी वाचक पाहुण्यालाच हसेल.