मदत हवी आहे: एसी-फ्रीज दुरुस्तीच्या फिरत्या कामासाठी मेकॅनिकच्या हाती टॅबलेट द्यावा की फोन?

नमस्कार.

अकोल्यात आमचा एसी, फ्रीज आणि वॉटर कूलर दुरुस्तीचा व्यवसाय आहे. दुकान आहे ते सुटे भाग ठेवण्यापुरते. काम सगळे ग्राहकाच्या दारी होते. चार मेकॅनिक दुचाकीवरून शहरात, तसेच अकोट, तेल्हारा, बाळापूर आणि पातूर तालुक्यांतील गावांत जातात. घरगुती ग्राहकांखेरीज काही दालमिल, दवाखाने आणि पतसंस्था यांच्या एसींचे वार्षिक देखभालीचे करार आमच्याकडे आहेत. आजवर सारा कारभार छापील बिलबुक, दुकानातली नोंदवही आणि व्हॉट्सॲपचा एक गट यांवर चालला. सकाळी मी गटात कॉल टाकतो, ज्याला जमेल तो ‘घेतला’ असे लिहितो आणि संध्याकाळी बिलांच्या कार्बन प्रती दुकानात जमा होतात. फेब्रुवारीपर्यंत हे निभते. मार्चच्या मध्यापासून कॉल एकावर एक येऊ लागले की कोणता कॉल कोणी घेतला, कोणता उद्यावर गेला आणि कोणाचे पैसे राहिले, याचा मेळ लागत नाही.

येत्या हंगामाआधी ही व्यवस्था बदलायची आहे. सर्वांत मोठी अडचण यंत्राच्या पूर्वेतिहासाची आहे. ‘गेल्याच वर्षी तर तुम्ही गॅस भरला होता’ असे ग्राहक म्हणतो, तेव्हा तो खरा असतो की नाही हे दारात उभ्या असलेल्या मेकॅनिकला कळत नाही. गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि मागच्या वेळी ती फ्लेअर नटपाशी (नळीच्या सांध्यावरच्या नटपाशी) होती की कंडेन्सरच्या (बाहेरच्या युनिटमधील जाळीच्या) बेंडमध्ये, हे ठाऊक असेल तर अर्धा दिवस वाचतो. यंत्रातला गॅस आर-२२ आहे, आर-४१०ए आहे की आर-३२, किती ग्रॅम भरला, कपॅसिटर (मोटर सुरू करणारा सुटा भाग) केव्हा बदलला, पीसीबी (आतील इलेक्ट्रॉनिक पट्टी) आमच्याकडून दुरुस्त झाली की बाहेरून, एवढे जागेवर दिसले पाहिजे.

दुसरी अडचण नेटवर्कची. शहरात प्रश्न नाही, परंतु अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आणि पातूरकडच्या घाटात फोन कधी लागतो, कधी लागत नाही. जे ॲप इंटरनेटवाचून उघडतच नाही ते तेथे निरुपयोगी आहे.

तिसरी अडचण बिलाची. आमची जीएसटी नोंदणी आहे आणि करारवाल्या ग्राहकांना पक्के बिलच लागते. चौघांनी चार ठिकाणी, त्यातही नेटवर्क नसताना बिल केले, तर बिलाचा क्रमांक दोनदा पडणार नाही याची खात्री कशी करावी?

ग्राहकाला मराठी पावती मिळावी अशीही माझी इच्छा आहे. ब्लूटूथवर चालणारे एक छोटे प्रिंटर आणून पाहिले. इंग्रजी मजकूर स्वच्छ आला, मात्र मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटली. आमच्यातील सर्वांत अनुभवी मेकॅनिकना आम्ही सगळे काका म्हणतो. ते मराठीखेरीज काही वाचत नाहीत, आणि त्यांना वगळून केलेली कोणतीही व्यवस्था मला नको आहे.

एका कंपनीने त्यांचे सॉफ्टवेअर दाखवले. त्यात प्रत्येक मेकॅनिक नकाशावर ठिपक्याच्या रूपाने दिवसभर फिरताना दिसतो. विक्रेत्याला त्याचेच कौतुक अधिक होते. मला मात्र माणूस पोहोचला केव्हा आणि काम संपले केव्हा, एवढेच हवे आहे. तो चहाला कोठे थांबला याच्याशी मला कर्तव्य नाही. शिवाय त्याचे भाडे माणशी दरमहा आहे आणि आमचा खरा हंगाम मार्च ते जून एवढाच असतो.

शेवटचा मुद्दा उन्हाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आउटडोअर युनिट गच्चीवर किंवा पत्र्यावर असते. तेथे टॅबलेट टिकेल का? अशा प्रकारे घरपोच सेवा देणाऱ्या कोणाचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

निळा पाना

मी सोलापुरात पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रांची देखभाल करतो. काम वेगळे असले तरी दुखणे हेच होते, म्हणून लिहितो.

टॅबलेट मेकॅनिकसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एका हातात गॅसचा दाब मोजणारे गेज, दुसऱ्या हाताने शिडी, मग टॅबलेट धरायचा कशाने? तो खिशात मावत नाही, म्हणून पिशवीत जातो. पिशवीत पाने-पकडी असतात, आणि काच फुटते. स्वस्त टॅबलेटचा पडदा भर उन्हात वाचताही येत नाही. टॅबलेटची जागा दुकानातील टेबलावर आहे. तेथे कॉल घेणाऱ्या व्यक्तीला दिवसभराचे सगळे कॉल एका नजरेत दिसतात आणि त्याचा उपयोग चांगला होतो. करार करायला तुम्ही स्वतः दवाखान्यात किंवा मिलमध्ये जाता तेव्हाही दरपत्रक दाखवायला तो बरा.

उन्हाविषयी: फोन असो वा टॅबलेट, आतील लिथियम बॅटरी उष्णतेला सारखीच भिते. ॲपल आपल्या उपकरणांसाठी वापराची मर्यादा ३५ अंशांपर्यंत सांगते, आणि अकोल्यात ती मार्चमध्येच ओलांडली जाते. तापलेला फोन आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो. म्हणून गच्चीवर फक्त फोटो काढावेत आणि लिहिणे इनडोअर युनिटपाशी सावलीत करावे. दुचाकीच्या हँडलवर फोन उन्हात लावून चार्ज करू नये. फोन सहा इंची, धूळ-पाण्यापासून संरक्षण असलेला आणि बॅटरी मोठी असलेला घ्यावा. बाकी चैनीची गरज नाही.

फोन व्यवसायाच्या मालकीचे असावेत. मेकॅनिकच्या स्वतःच्या फोनमध्ये ग्राहकांचे क्रमांक साठत जातात आणि तो काम सोडून गेला की तेही त्याच्याबरोबर जातात. दुपारी घरी एकट्या असलेल्या गृहिणीचा क्रमांक कोणाच्या खासगी फोनमध्ये राहावा का, हाही विचार करावा. प्रत्येक फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून ठेवा. फोन हरवल्यास पोलीस तक्रारीच्या प्रतीसह दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरून तो बंद करता येतो.

खतावणी

बिलाच्या क्रमांकाची चिंता नियमांनीच बरीचशी मिटवली आहे. जीएसटी नियम ४६ नुसार क्रमांक सलग असावा, एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊ नये आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा. मात्र हे क्रमांक एकाच मालिकेत असावेत असे बंधन नाही; एकाहून अधिक मालिका चालतात आणि त्यांत अक्षरे, आडवी रेघ व तिरकी रेघ वापरता येते. तेव्हा प्रत्येक फोनला स्वतंत्र आद्याक्षर दिले की इंटरनेट असो वा नसो, दोन बिलांचा क्रमांक एक होणे शक्य नाही. आद्याक्षर माणसाला न देता फोनला द्यावे, कारण माणसे बदलतात. मालिकांची यादी आपल्या कर सल्लागाराकडे द्या, कारण विवरणपत्रात प्रत्येक मालिकेचा पहिला व शेवटचा क्रमांक आणि रद्द झालेली बिले दाखवावी लागतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दारात पक्के बिल करण्याची सक्तीच नाही. सेवेचे बिल सेवा पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांच्या आत देता येते. मेकॅनिकने जागेवर फक्त जॉब कार्ड (केलेल्या कामाची नोंद) भरावे, ग्राहकाची सही आणि रक्कम घ्यावी; पक्के बिल संध्याकाळी दुकानातून एकाच मालिकेत निघावे. चौघांकडून एचएसएन-एसएसी कोड (जीएसटीतील वस्तू व सेवांचे वर्गीकरण क्रमांक) आणि ग्राहकाचा जीएसटी क्रमांक अचूक लिहिला जाण्याची अपेक्षा धरण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. अपवाद एवढाच, की दुरुस्ती न करता नुसता कंप्रेसर किंवा स्टॅबिलायझर विकला असेल, तर ती वस्तूची विक्री ठरते आणि तिचे बिल माल देतानाच झाले पाहिजे.

पैशांबाबत एक सूचना. यूपीआयचा क्यूआर व्यवसायाच्या चालू खात्याचाच असावा, मेकॅनिकचा नव्हे. जॉब कार्डावरून तयार केलेल्या क्यूआरमध्ये रक्कम आणि कार्डाचा क्रमांक आधीच भरता येतो, त्यामुळे रात्री कोणाचे पैसे कोणत्या कामाचे हे शोधावे लागत नाही. ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर मेकॅनिकने विसंबू नये. पैसे आल्याची सूचना आपल्या बाजूला दिसली तरच काम संपले असे धरावे.

अर्धविराम

मी अशा छोट्या व्यवसायांसाठी ॲप जुळवून देण्याचे काम करतो. आपल्या गरजेचा गाभा एवढाच आहे: इंटरनेटशिवाय नोंद झाली पाहिजे आणि जुनी नोंद दिसली पाहिजे. बरीच साधने यांपैकी एकाच कसोटीला उतरतात.

गुगल फॉर्म्स इंटरनेटशिवाय भरता येत नाही, म्हणून ते बाद. गुगल शीट्सची फाइल फोनवर ऑफलाइन ठेवता येते, परंतु सहा इंची पडद्यावर रकाने शोधत बसणे काकांना रुचणार नाही, आणि चुकून एखादी ओळ पुसली जाण्याचा धोका राहतो. स्वयंसेवी संस्था सर्वेक्षणासाठी कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके कलेक्ट वापरतात; त्यांत मराठी अर्ज करता येतात, ते ऑफलाइन उत्तम भरले जातात आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवले जातात. पण त्यांचा मूळ हेतू माहिती गोळा करण्याचा आहे. जुना इतिहास सहज दाखवण्याचा नाही. आपल्यासाठी मला ॲपशीट, म्हणजे प्रोग्रॅमिंगशिवाय ॲप बनवण्याचे गुगलचे साधन, योग्य वाटते. माहिती गुगल शीटमध्येच राहते, फोनवर तिचे सुटसुटीत मराठी पडदे होतात आणि नोंदी फोनमध्ये साठून नंतर जुळतात. दहापर्यंत वापरकर्त्यांना घेऊन ते विनामूल्य तपासून पाहता येते. कायमच्या वापरासाठी मात्र येथेही माणशी मासिक शुल्क आहे, हे आधीच सांगतो.

दोन गोष्टी सुरुवातीलाच नीट करा. नोंदीची ओळख ओळीच्या क्रमांकावरून ठेवू नका. दोघांनी ऑफलाइन असताना नव्या नोंदी केल्या की त्या एकमेकींवर चढतील. ॲप स्वतः जी एकमेव खूण तयार करते तीच वापरा. आणि ग्राहक नावाने शोधू नका. एकाच माणसाचे नाव कोणी पाटील लिहितो, कोणी पाटिल, कोणी इंग्रजीत, आणि शोधात तीन वेगळे ग्राहक तयार होतात. मोबाइल क्रमांकाने शोधा. त्याहून उत्तम म्हणजे प्रत्येक यंत्राला क्रमांक द्या आणि त्याच्या क्यूआरचे स्टिकर इनडोअर युनिटच्या बाजूला लावा. आउटडोअरवर लावलेले स्टिकर एका उन्हाळ्यात पांढरे पडते. स्टिकर स्कॅन केले की त्या एसीचा इतिहास उघडतो. दवाखान्यात एका मजल्यावर एकाच मॉडेलचे आठ एसी असतात, तेथे याचे मोल कळते. मॉडेल, सिरियल क्रमांक आणि गॅसचा प्रकार टंकण्याऐवजी नेमप्लेटचा फोटो घ्यावा.

काकांसाठी टंकलेखन जवळजवळ नसावेच. ‘गॅस भरला’, ‘वेट सर्व्हिस’ (पाण्याने धुऊन केलेली सफाई), ‘कपॅसिटर बदलला’, ‘पीसीबी काढून आणली’ अशी मोठी बटणे द्या आणि ग्रॅम व रुपये यांसाठी आकड्यांचा पट्टा उघडू द्या. आकडे इंग्रजी लिपीतले ठेवा, कारण देवनागरी आकडे अनेक ॲप संख्या म्हणून धरतच नाहीत. शेऱ्यासाठी मराठी बोलून लिहिण्याची सोय आहे, पण ती पुस्तकी मराठीवर अधिक खूश असते. वऱ्हाडी बोलल्यावर काय उमटेल हे वाचणे हीच एक करमणूक आहे.

प्रिंटरचे कोडे सोपे आहे. त्या छोट्या प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. ॲपने मजकूर अक्षरांच्या रूपात न पाठवता त्याचे चित्र करून पाठवले की जोडाक्षरेही नीट छापली जातात. ५८ मिलिमीटरच्या कागदावर त्या चित्राची रुंदी साधारण ३८४ ठिपक्यांची असते. मात्र थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो आणि कालांतराने पुसट होतो, त्यामुळे वॉरंटीचा पुरावा म्हणून तो कुचकामी आहे. जॉब कार्डाची मराठी पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा आणि प्रिंटरचा खर्च वाचवा.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या एका क्रमांकाला मुख्य फोनखेरीज चार उपकरणे जोडता येतात. हे चार आणि आपले मेकॅनिकही चार, हा योगायोग मोहात पाडणारा आहे, पण तसे करू नका; मग प्रत्येकाला प्रत्येक ग्राहकाचे सगळे संभाषण दिसते. मुख्य फोन आपल्याकडे आणि जोडलेला टॅबलेट दुकानात, एवढे पुरे. नकाशावरच्या ठिपक्याबद्दल आपले म्हणणे मला पटते. ‘पोहोचलो’ आणि ‘काम झाले’ ही दोन बटणे वेळ आपोआप नोंदवतात. त्याच क्षणाचे ठिकाण नोंदवायचे असेल तर तेही मेकॅनिकना आधी सांगून आणि त्यांच्या संमतीनेच नोंदवावे.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बिल संध्याकाळी दुकानातून काढता येते, या एका माहितीने निम्मा गुंता सुटला. मी उगाचच चार मालिका आणि चार प्रिंटर यांचे गणित मांडत बसलो होतो. आता टॅबलेट एकच, तो दुकानात. मेकॅनिकना व्यवसायाचे फोन. सुरुवात कराराच्या ग्राहकांपासून करीन, म्हणजे फेब्रुवारीतील सर्व्हिसच्या फेरीतच स्टिकरही लागतील. बटणांवरचे शब्द काकांनाच ठरवायला सांगितले आहेत आणि त्यांनी पहिलीच सूचना केली, की ‘घरी कोणी नव्हते’ हे बटण सर्वांत वर असावे.

एक शंका उरते. ग्राहकांची जुनी यादी संगणकावर आहे, पण ती श्रीलिपीत (मराठी टंकनाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) टंकलेली आहे. शीटमध्ये चिकटवली की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. सगळी पुन्हा टंकावी लागेल का?

अर्धविराम

पुन्हा टंकण्याची गरज नाही. ते युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांसाठी सर्वत्र एकच संकेत ठरण्याआधीच्या, फाँटचे दुखणे आहे आणि युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. कोणत्या फाँटमध्ये टंकले आहे ते मूळ फाइलमध्ये आधी पाहा, कारण त्या घराण्यातील सर्व फाँटची सांकेतिक रचना एकसारखी नसते, आणि आधी दहा-पंधरा नावांवर प्रयोग करा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे हमखास चुकतात, ती हाताने तपासावी लागतील. मोबाइल क्रमांकांचा रकाना मात्र रूपांतरातून वगळून मूळ फाइलमधून वेगळा उचला, आणि ते आकडेही श्रीलिपीतच टंकलेले नाहीत ना, हे आधी पाहून घ्या.