मदत हवी आहे : घरी केलेला लेझर डायोड ड्रायव्हर, तिसरा डायोड गेला

किनाऱ्यावरचा_सुतार
थेट मुद्द्यावर येतो. घरी बनवलेल्या ड्रायव्हरवर, म्हणजे डायोडला ठरावीक करंट देणाऱ्या सर्किटवर, माझा तिसरा लेझर डायोड गेला. पहिला अकरा दिवस चालला, दुसरा चार, आणि हा काल संध्याकाळी दीड दिवसात. करंट मोजलाय, बरोबर आहे. तरी मरतायत. चतुर्थीच्या आधी लेझर मशीनवर नावं कोरून करवंटीचे दिवे आणि लाकडी पाट्या द्यायच्यात, लोकांना शब्द दिलाय.

मला असा ड्रायव्हर हवाय जो कुणीही दोन-अडीचशे रुपयांत घरी बनवू शकेल. वेंगुर्ल्यात आणि सावंतवाडीत आम्ही चार-पाच जण हेच करू बघतोय, सगळ्यांना तयार मिळणारा परवडत नाही. त्यामुळे 'विकत घे' हे उत्तर नको. नेमकं काय चुकतंय ते सांगा.

जुना_रेडिओवाला
कुठला डायोड? पुरवठा किती व्होल्टचा? ड्रायव्हरमध्ये काय वापरलंय? करंट बरोबर म्हणजे किती, आणि मोजला कसा?

किनाऱ्यावरचा_सुतार
निळा, ४५० नॅनोमीटर. करंट बांधायला एलएम३१७ ही रेग्युलेटर चिप, पुरवठा १२ व्होल्ट. सर्किट नेहमीचंच आहे.

जुना_रेडिओवाला
'नेहमीचं' प्रत्येकाचं वेगळं असतं. रेझिस्टर किती ओहमचा, किती वॅटचा, कपॅसिटर कुठे कुठे आहेत, हे सांगितल्याशिवाय कुणीही फक्त अंदाज बांधेल.

रत्नांग्री०२
एलएम३१७ सोडून दे. १२ व्होल्टवर तो तापून जातो. एक्सएल४०१५ चं तयार मॉड्यूल घे, त्यात करंट आणि व्होल्टेज दोन्ही ठरवायचे प्रीसेट (फिरवायचे स्क्रू) असतात. मी त्यावर दोन वर्षं लाल डायोड चालवतोय, काही झालं नाही. व्होल्टेज साडेपाचला लाव, करंट एकला, संपलं काम.

जुना_रेडिओवाला
लाल डायोड सव्वादोन-अडीच व्होल्टला चालतो, निळ्याला एक अँपिअरवर साडेचारच्या आसपास लागतात. तुमचा अनुभव जसाच्या तसा इथे लागू होत नाही. शिवाय त्या मॉड्यूलच्या बाहेरच्या बाजूला मोठा कपॅसिटर असतो. डायोडला नेमकी त्याचीच भीती.

रत्नांग्री०२
माझ्याकडे कपॅसिटर आहे आणि डायोडही जिवंत आहे. पुस्तकातलं मला नका सांगू.

प्राची_इन्स्ट्रू
भांडणाआधी एक विचारते. दादा, चष्मा कुठला लावता? एक अँपिअरला त्या डायोडमधून साधारण एक वॅट उजेड निघतो. अर्ध्या वॅटच्या वरचा लेझर सगळ्यात धोकादायक गटात, चौथ्या वर्गात, मोजतात. लाकडावर पडलेला ठिपका जवळून नुसता बघत राहिलात तरी डोळा जाऊ शकतो. वेल्डिंगची काच चालणार नाही, ४५० नॅनोमीटर अडवणारा म्हणून दिलेला चष्माच हवा. आणि पीव्हीसीवर कधीही चालवू नका, हायड्रोजन क्लोराईड सुटतो. तो फुप्फुसाला घातक आणि मशीनलाही.

किनाऱ्यावरचा_सुतार
चष्मा मशीनबरोबर आलेला हिरवा आहे. पण माझा प्रश्न चष्म्याचा नाही.
रेझिस्टर १.२ ओहम, ५ वॅट. कपॅसिटर आत शिरताना १०० मायक्रोफॅरड, डायोडच्या दोन टोकांवर १०० मायक्रोफॅरड. ड्रायव्हर वेगळ्या डब्यात आहे, तिथून डायोडला वायर कनेक्टरने जोडलीय. हीटसिंक मोठा आहे. करंट मल्टिमीटरने १.०४ अँपिअर.

प्राची_इन्स्ट्रू
निळा लेझर अडवायला काच नारिंगी-पिवळसर असते. हिरवी काच लाल किंवा अदृश्य किरणांसाठी असते. नवा चष्मा येईपर्यंत मशीन बंद ठेवा. याबाबतीत मी मागे हटणार नाही.

जुना_रेडिओवाला
आता बोलता येईल. एलएम३१७ आपल्या आउटपुट आणि अॅडजस्ट पिनेमध्ये १.२५ व्होल्ट राखतो. ते भागिले १.२ म्हणजे १.०४ अँपिअर, तुझं मोजमाप चोख आहे. उष्णतेचा हिशोब कर : १२ वजा साडेचार वजा सव्वा, उरले सव्वासहा व्होल्ट. म्हणजे चिपवर साडेसहा वॅट जळतायत. पण त्याने चिप तापून बंद पडेल, डायोड मरणार नाही. तेव्हा दोन प्रश्न. मेलेला डायोड आता काय करतो, पूर्ण अंधार की फिकट उजेड? आणि मरण्याआधी बीम कधी मंद व्हायचा का?

किनाऱ्यावरचा_सुतार
फिकट निळा उजेड देतो, लाकडाला डागसुद्धा पडत नाही. हो, मधूनच मंद व्हायचा, विशेषतः मशीनचं डोकं (डायोड बसवलेला सरकता भाग) उजव्या टोकाला गेलं की.

वाचनमात्र
निळ्या लेझर डायोडचा पहिला यशस्वी नमुना १९९६ च्या सुमारास जपानमध्ये शूजी नाकामुरा या संशोधकांनी केला. त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं ते मात्र निळ्या एलईडीसाठी, अकासाकी आणि अमानो यांच्याबरोबर. लोक दोन्ही एकच समजतात म्हणून लिहिलं.

मालवणी_खलाशी
रे बाबा, सगळा वाचलंय. माका लेझरातला काय कळना नाय, पण ट्रॉलरावरची वायरिंग वीस वर्सां करतंय. 'उजव्या टोकाक गेला की मंद' ह्या वायरीचा दुखणा. तुझा मशीन समुद्रापासून किती लांब? खारो वारो पितळेक सोडणा नाय, तुझ्यो बारक्यो पिनो सोडतलो? कनेक्टर खोल आणि बघ हिरवो थर धरलो काय.

किनाऱ्यावरचा_सुतार
घर किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. कनेक्टर खोलला. खरंच हिरवट थर आहे. डोकं रोज संध्याकाळी काढून घरात आणतो, पावसात दमट होऊ नये म्हणून. हे सांगायचं मला सुचलंच नाही.

जुना_रेडिओवाला
हेच ते. सगळ्यांनी नीट वाचा, कारण स्वस्त ड्रायव्हर बनवणारे बहुतेक जण इथेच अडकतात.

डायोड एक क्षण सुटला की एलएम३१७ ला करंट वाहायला वाट राहत नाही. तो बिचारा व्होल्टेज वाढवत सुटतो आणि तुझा बाहेरचा १०० मायक्रोफॅरड दहा-साडेदहा व्होल्टपर्यंत भरतो. पुढच्या क्षणी गंजलेली पिन परत टेकते. साडेचारच्या डायोडवर दहा व्होल्टचा भरलेला कपॅसिटर रिकामा होतो. कित्येक अँपिअर, अगदी थोड्या मायक्रोसेकंदांसाठी. मल्टिमीटरला ते कधीच दिसणार नाही. डायोडच्या टोकावरचा आरशासारखा पृष्ठभाग त्या क्षणात वितळतो, आणि उरतो तो साधा एलईडी. म्हणून फिकट उजेड.

लाल डायोडवाल्यांनाही उत्तर मिळालं. तुमचा डायोड सोल्डर केलेला आहे ना?

रत्नांग्री०२
हो, सोल्डर आहे, कधी काढलाच नाही. ठीक, हा मुद्दा मान्य. पण एलएम३१७ पेक्षा माझं मॉड्यूल कमी तापतं हे तरी कबूल करा.

जुना_रेडिओवाला
कमी तापतं, कबूल.

सर्किटवेडा_कुडाळ
दोन्ही सोडा. एलएम३५८ हा ऑपअँप (तुलना करून करंट आवरणारी चिप), आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट (गेट या पिनेवरच्या व्होल्टेजने उघडणारा ट्रान्झिस्टर) आणि करंट मोजायला ०.१ ओहमचा सेन्स रेझिस्टर. कपॅसिटर नाही म्हणजे प्रश्नच मिटला, खर्च शंभरच्या आत. फक्त आयआरएफझेड४४एन घेऊ नका, नाव सारखं वाटतं पण त्याला गेटवर जास्त व्होल्ट लागतात. एलएम३५८ पाच व्होल्टवर साडेतीनच्या वर जात नाही, तेवढ्यात आयआरएफझेड४४एन नीट उघडत नाही.

जुना_रेडिओवाला
सर्किट चांगलं आहे, पण प्रश्न मिटत नाही. डायोड सुटला की ऑपअँपला सेन्सवर शून्य दिसतं, तो गेट पूर्ण उघडतो. पिन टेकली की सगळा पुरवठा थेट डायोडवर, आणि एलएम३५८ संथ आहे, आवरेपर्यंत उशीर होतो. शिवाय करंट ठरवणाऱ्या पॉटचा (फिरवायच्या रेझिस्टरचा) सरकता कॉन्टॅक्ट सुटला तर इनपुट तरंगतं, तेव्हाही करंट शेंड्याला जाऊ शकतो. तिथून जमिनीला १०० किलोओहम लावायलाच हवा.

सर्किटवेडा_कुडाळ
पॉटचं डोक्यातच नव्हतं. माझ्या बोर्डवर आजच लावतो.

किनाऱ्यावरचा_सुतार
मग मी करू काय? प्रत्येक सर्किटात खोट निघतेय. दिवस कमी आहेत.

जुना_रेडिओवाला
सर्किट तेच ठेव, जागा बदल. ड्रायव्हर डब्यातून काढ आणि डोक्यावर, डायोडच्या शेजारी बसव. ड्रायव्हर ते डायोड वायर बोटभर, दोन्ही टोकं सोल्डर. काढायचा-घालायचा कनेक्टर फक्त १२ व्होल्टच्या बाजूला. मग पिन सुटली तर पुरवठा जातो, डायोड ड्रायव्हरपासून कधीच सुटत नाही. बाहेरचा १०० मायक्रोफॅरड काढून टाक. लेझर डायोडला उलटा एक १एन४००७ हा साधा डायोड लाव, निळे डायोड उलट व्होल्टेज फार सोसत नाहीत. १२ ऐवजी ९ व्होल्ट दिलास तर चिपवरची उष्णता निम्म्याने कमी होईल.

आणि चौथा डायोड लगेच लावू नको. सहा १एन५४०८ (हेही साधे डायोड) एका ओळीत आणि त्यांच्यापुढे एक ओहम १० वॅट, हा खोटा डायोड. याला साडेपाचच्या वर लागतात, म्हणून तपासणी १२ व्होल्टवर कर, ९ वर चिपला जागा पुरणार नाही. एक ओहमवर जितके व्होल्ट, तितके अँपिअर. शंभर वेळा चालू-बंद कर, कनेक्टर मुद्दाम हलव. जमलं तर ऑसिलोस्कोपवर पहिला क्षण बघ, जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये विचार.

सावंतवाडीप्रेमी
चितार आळीत लाकडी फळं करणाऱ्या कारागिरांनी लेझर वापरावा का? पांगाऱ्याचं हलकं लाकूड लेझरने फार काळं पडतं असं ऐकलंय. हाताच्या रंगाची सर त्याला नाही.

किनाऱ्यावरचा_सुतार
त्यांच्या फळांना मी हात लावणार नाही, ती रंगाचीच हवीत. मी करवंटीवर आणि आंब्याच्या फळीवर नुसतं नाव काढतो.

मालवणी_खलाशी
नवो कनेक्टर जोडूच्या आधी पिनेक वॅसलीन लाव. आमी बोटीवर लावतांव.

किनाऱ्यावरचा_सुतार
नऊ दिवसांनी लिहितोय. ड्रायव्हर डोक्यावर बसवला, कपॅसिटर काढला, वॅसलीन लावलं. खोट्या डायोडवर १.०३ आणि १.०४ च्या मध्ये आकडा स्थिर. लॅबमध्ये एका सरांनी स्कोप लावू दिला, चालू होताना उडी दिसली नाही. जुना डबा मुद्दाम लावून कनेक्टर हलवला तेव्हा मात्र पडद्यावर काटा उभा राहिला. तो बघून पोटात गोळा आला. माझे तीन डायोड त्या काट्याने खाल्ले.

नारिंगी चष्मा परवा आला, त्यानंतरच चौथा डायोड लावला. काल अकरा पाट्या झाल्या. रेडिओवाले काका, खलाशीदादा, प्राचीताई, मनापासून आभार. मापं टाकून बोर्डचा नकाशा इथेच देतो, म्हणजे बाकीची पोरंही करतील.

एक राहिलं : छटा काढायला पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं) कसा द्यायचा? सध्या रिलेने नुसतं चालू-बंद करतोय.

जुना_रेडिओवाला
एलएम३१७ त्यासाठी नको. मशीन चालवणाऱ्या जीआरबीएल सॉफ्टवेअरचा पीडब्ल्यूएम साधारण एक किलोहर्ट्झचा असतो, तेवढ्याला कुडाळकरांचं ऑपअँपवालं सर्किट पुरतं, तेही डोक्यावरच बसवून आणि १०० किलोओहम लावून. आधी पाट्या पूर्ण कर.