टिलरिंग (भुजा तासून धनुष्याचा बाक सारखा करणं): एक भुजा एकाच जागी वाकते आहे, काय करू?

नवा_गडी:
हिकरीच्या फळीतून पहिलंच धनुष्य घडवतोय. लांबी 66 इंच, ओढ 26 इंच, वजन (म्हणजे तेवढं ओढायला लागणारा जोर) 40 पौंड हवंय. लांब, ढिली दोरी लावून ओढलं तर उजवी भुजा जवळपास सरळच राहते. डावी मात्र मुठीपासून वीतभर अंतरावर एकाच जागी दुमडते. 14 इंचांवरच काटा 40 दाखवतोय. डावी तिथेच थोडी तासून बाक सारखा करू का?

कानसवाला:
अजिबात नको! दुमडते ती जागा कमजोर आहे, तिला आता हातच लावायचा नाही. पेन्सिलीने फुली मारून ठेवा. तासायची ती उरलेली डावी भुजा आणि अख्खी उजवी, तीही पोटाकडून, म्हणजे दोरीकडच्या अंगाने. पाठीला कानस लावू नका. ताण ती सोसते, तिथले तंतू तुटले की धनुष्य गेलंच.

14 इंचांवर 40 भरतंय म्हणजे लाकूड अजून भरपूर आहे, घाबरू नका. फक्त त्यापुढे ओढू नका. ठरलेल्या वजनाच्या वर एकदाही जायचं नाही, नाहीतर पोटाकडचे तंतू दबून कायमचा बाक बसतो. रंधा बाजूला ठेवा आणि पटाशीची धार आडवी धरून खरवडा. जाडी दहा टक्क्यांनी घटली तर ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी जातो, एवढं ध्यानात असू द्या. दर वेळी खरवडल्यावर थोडंच ओढून वीस-तीस हेलकावे द्या. लाकूड बदल लगेच दाखवत नाही, आणि नवशिके नेमके इथेच उतावीळ होतात.

ताठ जागा शोधायला बोटभर लांबीचा सपाट ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडून पेन्सिलीचं टोक किंचित बाहेर राहील असं बसवा. धनुष्य वाकलेलं असताना पोटावरून फिरवा. रेघ उमटेल तिथे खरवडा.

दोरीसाहेब:
वजन कमी पडलंच तर दोन्ही टोकं इंच-इंच कापा, वाढेल.

कानसवाला:
वाढेल खरं, पण दुमड तशीच असताना कापलंत तर सगळा भार तिथेच जाईल. आधी बाक सारखा, मग करवत.

नवा_गडी:
फुली मारली. उजवी खरवडायला घेतो. नेहमीची आखूड दोरी कधी चढवू?

कानसवाला:
लांब दोरीवर दोन्ही भुजा सारख्या वाकल्या की. सुरुवातीला दोरी मुठीपासून तीन-चार इंचांवरच ठेवा, पुढे सहापर्यंत न्या. आणि काम थांबवलं की दोरी उतरवून ठेवा.